धामणबर्डीची मुकी पंगत

धामणबर्डीला पहिल्यांदा जेवायला येणाऱ्या पाहुण्याला वेशीतच सांगून ठेवावं लागतं, की बाबा, इथं 'नको' म्हणायचं तर विचार करून म्हणा. इतर गावांत पाहुणा पानावर आडवा हात धरतो, वाढपी त्या हाताखालून जिलबी सरकवतो, पाहुणा लटक्या रागानं बघतो आणि खातो. दोघांनाही त्यात मजा येते. इथं तसं नाही. इथं एकदा 'नको' म्हटलं की वाढपी पुढच्या पानाकडे जातो आणि मागं वळून बघत नाही.

मागे एकदा मांजरा नदीपलीकडचं वऱ्हाड आलं होतं. नवरदेवाचे मामा मोठे मानाचे. रीतीप्रमाणे पहिल्या लाडवाला 'नको' म्हणाले, आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मिशीवर हात फिरवत बसले, आणि पंगत उठली. मामा जे रुसले ते थेट बैलगाडीत जाऊन बसले. लग्न मोडता मोडता राहिलं. शेवटी नवरीच्या बापानं त्यांचा हात धरला आणि काही न बोलता त्यांना गावाच्या मावळतीला, तळ्यावर नेलं. परत आले तेव्हा मामांनी लाडवाचं नाव काढलं नाही. गाडीतलं पागोटं उचललं आणि मांडवात येऊन गुमान बसले.

ते तळं गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. फार मोठं नाही. वैशाखात म्हैस उतरली तर तिची पाठ कोरडी राहते एवढंच पाणी. त्याच्या पाळीवर काळे दगड ओळीनं रोवलेले आहेत. मोजले तर सदतीस भरतात. त्यांना शेंदूर नाही, त्यांच्यावर नाव नाही, त्यांच्यापुढं कोणी नैवेद्य ठेवत नाही. पंगतीत बसावं तसे ते एका रांगेत आहेत, आणि शेवटचा दगड बाकीच्यांपासून हातभर बाजूला आहे, उशिरा आलेल्या माणसानं कडेला टेकावं तसा. गावात आग्रह का करत नाहीत, आणि वैशाखी पौर्णिमेच्या पंगतीत तर शब्दही का बोलत नाहीत, हे त्या दगडांवाचून सांगता येत नाही.

गोष्ट मोठ्या दुष्काळातली. नक्की साल कोणाला ठाऊक नाही. ज्या वर्षी चिंचेचा पालासुद्धा संपला ते वर्ष, एवढीच खूण जुनी माणसं सांगत आली. तेव्हा धामणबर्डीच्या बाजारात नरसिंगशेट नावाचे कोमटी व्यापारी होते. धान्य, गूळ आणि तूप असा त्यांचा व्यापार. अक्षरओळख बेताची, पण गुळाच्या ढेपेला नख लावून ऊस कोणत्या काठचा ते सांगायचे, आणि तुपाच्या बुधल्याला नाक लावून म्हशीनं काय खाल्लं होतं तेही सांगायचे म्हणे. यातलं निम्मं खरं धरलं तरी माणूस पारखी होता.

आणि तोंडानं गोड. त्यांच्या ओट्यावरून कोणी नुसतं पाणी पिऊन गेलं असं घडत नसे. एकदा हुकूम घेऊन आलेल्या सरकारी शिपायाला त्यांनी एवढं जेवू घातलं, की तो कशाला आलो ते विसरून ओट्यावरच झोपला, आणि उठल्यावर पुन्हा जेवून गेला. पंगतीत लाडवाचं ताट घेऊन 'घ्या हो, माझ्यासाठी एक' म्हणत हिंडणं हाच त्यांचा खरा शौक. त्यांच्या आग्रहातून 'नको' म्हणून कोणी सुटलेलं नव्हतं.

त्यांच्याकडे लिंबाजी नावाचा हमाल होता. वीस वर्षं त्यानं शेटांची पोती वाहिली. त्याच्या उजव्या खांद्यावर पोत्यानं घट्टा पडला होता, पालथ्या वाटीएवढा. पोतं पाठीवर घेतलं की चार पावलांत तो थांबून म्हणायचा, "शेट, ह्याला ओल हाय." पोतं सोडून बघावं तर तळाची ज्वारी खरंच ओली. शेट म्हणायचे, "मी हातानं पारखतो, लिंबाजी खांद्यानं पारखतो."

पहिल्या वर्षी पाऊस गेला, तेव्हा बाजार निम्मा झाला. दुसऱ्या वर्षीही गेला, तेव्हा बाजार मिटला. उचलायला पोतीच उरली नाहीत. लिंबाजी बायकोला घेऊन माळावरच्या आपल्या खोपटात गेला. निघताना शेट त्याला म्हणाले, "काही लागलं तर ये रे." तो "व्हय शेट" म्हणाला आणि आला नाही. मागायला येणं त्याला जमलं नसावं. शेटांना वाटलं, आला नाही म्हणजे निभत असेल.

चैत्राच्या अखेरीस शेटांना काही कामानं तालुक्याला जावं लागलं. तिथं कुणा धर्मवान मंडळींनी भुकेलेल्यांसाठी छत्र चालवलं होतं. उन्हात लांबच लांब रांग, आणि प्रत्येकाच्या मडक्यात एक डाव पेज. शेटांनी एका मडक्यात डोकावून पाहिलं, तर पेजेतून मडक्याचा तळ दिसत होता. त्यांनी मान वर केली आणि त्या मडक्यामागचा खांदा त्यांना दिसला. तोंड ओळखू येत नव्हतं, पण घट्टा ओळखू आला. अंगावरचं सगळं मांस गेलं होतं आणि घट्टा तेवढा राहिला होता.

"लिंबाजी?"

त्यानं मडकं छातीशी धरलं आणि तोंड फिरवलं. "म्या न्हाई शेट," म्हणाला.

"तुझी बायको कुठं आहे?"

रांग पुढं सरकली, तोही सरकला.

शेट गावी परतले. घरी न जाता ते आधी नरसोबाच्या देवळात गेले आणि देवापुढं उभं राहून मोठ्यानं बोलले, की येत्या पौर्णिमेला या दारात जो येईल त्याला मी गव्हाच्या पुऱ्या आणि साजूक तुपातले लाडू वाढीन, आणि तो ढेकर देऊनच उठेल. माझं माणूस पाण्यावर जगलेलं मी बघणार नाही.

त्यांची बायको अनसूयाबाई शहाणी होती. ती म्हणाली, "अहो, एक दिवस पोटभर घालून काय होणार? तेच रोज थोडं थोडं घातलं तर पुष्कळ दिवस पुरेल."

"रोजही घालू," शेट म्हणाले. "पण सुरुवात तरी माणसाला शोभेल अशी होऊ दे."

मग त्यांनी परसातली, जमिनीच्या पोटातली धान्याची तिन्ही पेवं उघडली. त्या काळात उघडं पेव म्हणजे मरणाची भीती. भुकेली माणसं तुटून पडतील म्हणून धान्यवाले पेवावर शेण सारवून तुळस लावायचे. शेटांनी तुळस बाजूला ठेवली आणि दिवसाढवळ्या गहू बाहेर काढला, हरभरा काढला, राखलेल्या तुपाचे बुधले काढले. दवंडी पिटवली. लिंबाजीला शोधायला तालुक्याला माणूस पाठवला. दातृत्वात काही खोट नव्हती, हे ध्यानात ठेवा. खोट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी देवळासमोर चुली पेटल्या, बुंदी पडू लागली, तुपाचा वास माळापर्यंत गेला. त्या वासावर धनगरवाड्यातली धुरपता आली. साठीची म्हातारी, काठीला धरून. तिच्या दीडशे मेंढरांतलं एकही उरलं नव्हतं. ती कढईपाशी आली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"शेट, हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की आजी. उद्या सगळा वाडा घेऊन ये."

"आमाला हे नको. आमाला पेज द्या."

आचारी हसला. "म्हातारे, दोन वर्षांनी तूप दिसतंय आन् तू पेज मागतीस? भुकेनं डोकं फिरलं का तुझं?"

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "शेट, तुमी मेंढरं राखली न्हाईत. दुष्काळामागनं पाऊस पडला, रान हिरवं झालं, की आमी पयलं काम काय करतो? मेंढरं बांधून घालतो. उपाशी मेंढरू हिरव्यात सुटलं की ते खातच ऱ्हातं. मग फुगतं, आन् सांजच्याला पाय वर करतं. मी नवी सून होते तवा एका दिसात साठ मेंढरं अशी घालवली. तोंडात हिरवं घेऊन मेली बघा."

"आजी, माणसाला मेंढरू म्हणतेस होय?"

"पोट सारखंच की."

भोवतीची माणसं हसली. शेटही हसले, पण त्यांनी विचारलं, "मग मी काय करावं म्हणतेस?"

"आठ दिस पेज द्या. पातळ, मीठ टाकून. दिसातनं तीनदा, जराजराशी. मग कण्या. मग भाकर. लाडू घाला पाऊस पडल्यावर."

शेटांनी मान हलवली. "पेजेचं छत्र तालुक्याला आहेच आजी. ती पेज बघूनच मी देवाला बोललो. आता माझ्या दारातही पाणीच वाढलं, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणंनात," धुरपता म्हणाली. "म्हणायला लोक तर उरतील."

शेटांनी ताटातले दोन गरम लाडू उचलून तिच्यापुढं केले. ती "नको" म्हणाली आणि काठी टेकत निघाली. शेटांनी आपल्या स्वभावाप्रमाणे ते लाडू माणसाच्या हाती तिच्या खोपटावर पोचवले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा देवळापुढं दोनशेंच्या वर माणसं जमली होती. वडार होते, धनगर होते, हमाल-मजूर होते, कुठल्या कुठल्या गावांहून वासावर चालत आलेली होती. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. एरवी पंगत म्हटली की काय गलका असतो. इथं पत्रावळींचा वाऱ्यानं होणारा आवाज ऐकू येत होता. पुऱ्या पडल्या, लाडू पडले. माणसांनी आधी पानाला हात लावला, आहे की नाही ते बघावं तसा. मग खाऊ लागली.

धुरपतानं आपल्या वाड्यातल्या अकरा जणांना लांब, पिंपळाखाली बसवलं होतं. पिठाचं धुवण, त्यात मूठभर कण्या आणि मीठ, एवढंच तिनं आचाऱ्याकडून मागून घेतलं आणि घोट घोट त्यांना पाजत होती. तिची सून सोना तेवढी तिथं नव्हती. ती तान्ह्याला सासूजवळ टाकून पंगतीत जाऊन बसली होती. आदल्या दिवशी खोपटावर आलेल्या लाडवांची चव तिनं घेतली होती.

शेट ताट घेऊन रांगेतून फिरत होते. "घ्या हो. लाजू नका. माझ्यासाठी एक." ज्यानं पदरात लाडू लपवला त्याच्या पानावर ते हसून दोन ठेवत. ज्याचा हात मंदावला त्याच्यापुढं उकिडवे बसून ते त्याला घास भरवत. अनसूयाबाईनं पुरीची परात तिसऱ्यांदा भरून आणली. 'पुरे' म्हणू पाहणारी माणसंही होती, पण दोन वर्षांनी असं कोणी मायेनं विचारलेलं; त्या मायेला नाही कसं म्हणायचं?

लिंबाजी सगळ्यांच्या शेवटी आला. पंगत भरली होती, म्हणून तो रांगेपासून हातभर बाजूला, कडेला टेकला. शेटांना तो दिसताच त्यांनी हातातलं ताट दुसऱ्याला न देता तसंच पळत नेलं. स्वतः पान मांडलं, स्वतः वाढलं, समोर मांडी घालून बसले.

लिंबाजीनं एक पुरी खाल्ली. लाडू अर्धा खाल्ला. मग त्यानं पानावर आडवा हात धरला.

"नको शेट. बास."

"बास? अरे, दोन पोती एका दमात उचलणारा गडी तू. एका लाडवानं काय होतंय?"

"खरंच नको. पोट घेत न्हाई."

हा तोच लिंबाजी, जो पोत्यातली ओल सांगायचा तेव्हा शेट भर बाजारात पोतं सोडून बघायचे. आता तो आपल्याच पोटाचं सांगत होता. पण पंगतीत आडवा धरलेला हात दिसला की शेटांना जन्मभर एकच गोष्ट ठाऊक होती, की अजून वाढायचं.

"माझी शपथ आहे तुला," ते म्हणाले. "माझ्या दारातून तू अर्धपोटी उठलास तर नरसोबा मला विचारील."

लिंबाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यानं शेटांचा शब्द मोडला नव्हता. त्यानं हात काढून घेतला. उरलेला अर्धा लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. शेट समोर बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात तेवढा आनंद आपल्याला कधीच झाला नाही, असं त्यांनी पुढं एकदा अनसूयाबाईला सांगितलं म्हणे. सांगताना भिंतीकडे तोंड केलं होतं.

ऊन कलायच्या आत पहिली बाई आडवी झाली. लोकांना वाटलं, भरल्या पोटी झोप लागली. मग पोटात कळा येऊ लागल्या, एकाला, दहांना, पन्नासांना. पोटं नगाऱ्यासारखी ताणली. त्यांना तहान लागली. देवळाच्या मावळतीला तळं होतं, त्याच्या मध्यावर हिरवट पाण्याचं थारोळं उरलं होतं. माणसं तिकडे चालत गेली, चालता येईना ती रांगत गेली, आणि पाण्याला तोंड लावून पीत राहिली. पाणी पिऊन उठलेली फार थोडी. शेट आणि अनसूयाबाई एकाजवळून दुसऱ्याकडे धावत होते. वैदू आला, त्यानं हात टेकले.

लिंबाजी पाळीपर्यंत पोचला नव्हता. शेटांनी त्याला दोन हातांवर उचललं. हातांना काही ओझंच लागलं नाही. त्यांनी त्याला पाळीवर सावलीला ठेवलं आणि डोकं मांडीवर घेतलं.

"लिंबाजी, मी काय केलं रे?"

लिंबाजीच्या कपाळावर घाम होता. शेटांना वाईट वाटू नये एवढीच त्याला काळजी असावी. "चव लई चांगली हुती शेट," तो म्हणाला.

तीन दिवसांत सदतीस माणसं गेली. धुरपताची सून सोना त्यांत होती. पिंपळाखाली बसलेल्या अकरांतलं एकही नव्हतं.

गावात ओरड झाली, की लाडवात विष होतं. आचारी पळून गेला. चौथ्या दिवशी लोक दगड घेऊन शेटांच्या ओट्यापुढं जमले. शेट आतून उरलेल्या लाडवांचं ताट घेऊन आले आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाऊ लागले. पाच खाल्ले. लोक बघत राहिले. शेट तसेच उभे. लाडवांत काहीच नव्हतं. चांगलं तूप होतं, चांगलं बेसन होतं. मग माणसं कशानं मेली, हे कोणाला उमजेना, आणि हातातले दगड कोणावर मारावेत तेही समजेना. लोकांनी ते तिथंच टाकले. पाळीवर जे रोवले आहेत, ते हेच दगड, असं सांगतात.

त्या दिवशी शेट अनवाणी धनगरवाड्यात गेले. धुरपता दारात बसली होती. मांडीवर सुनेचं तान्हं पोर होतं, आणि ती बोट पेजेत बुडवून त्याच्या तोंडात देत होती. शेटांनी पंगतीतला पितळी डाव तिच्या पायाशी ठेवला.

"आजी, तुमचं मी ऐकलं नाही."

"कुणीच न्हाई ऐकलं. माझ्या सुनंनं बी न्हाई." तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही मला काय हवं ते बोला."

"बोलून काय व्हतंय? पंगतीतली दीडशे अजून जित्ती हायेत. त्यांना उद्या काय घालणार तू?" म्हातारी प्रथमच शेटांना अरे-तुरे करत होती. "का पेवं लिंपून रडत बसणार?"

धुरपतानं तान्ह्याला खाली ठेवलं, कोनाड्यातली एक जुनी करवंटी घेतली, पोखरून तिच्यात काटकी बसवली आणि पितळी डावाशेजारी ठेवली. "ह्यानं वाढायचं. सकाळी एक, दुपारी एक, सांजच्याला एक. मी 'वाढव' म्हणंन तवा वाढवायचं. आन् वाढताना तुझं तोंड बंद. एक अक्षर बोलायचं न्हाई. तुझ्या गोड बोलण्यानं मेली ती."

शेटांनी पितळी डाव तळ्यात फेकला. दुसऱ्या दिवसापासून नरसोबापुढं पेजेची चूल पेटली.

जो माणूस देताना थांबत नसे, त्याला आता थांबणं शिकावं लागलं. पहिल्याच दिवशी एका वडारणीनं रिकामं मडकं शेटांच्या पायावर पालथं घातलं. "शेट, लेकराला आणखी एक. देवाची आण." शेटांनी धुरपताकडे पाहिलं. तिनं मान हलवली. शेट पुढच्या मडक्याकडे गेले. मागून बाई शिव्या देत होती. पेवं भरलेली आहेत आणि मेला पाणी पाजतोय, असं लोक तोंडावर म्हणत. धामणबर्डीचा कोमटी चिक्कू, ही गोष्ट म्हणीसारखी तालुकाभर पसरली, आणि आपल्या गावाला कंजूष म्हणतात ते तेव्हापासून. शेटांनी कोणाला काही समजावलं नाही. त्यांना बोलायची मनाई होती.

आठव्या दिवशी धुरपता म्हणाली, "कण्या टाक." विसाव्या दिवशी म्हणाली, "आता भाकर, पण अर्धी." ती वडारीण लेकरासकट जगली. सगळे जगले असं नाही. तापानं गेले, जुलाब-वाखानं गेले, काही निजले ते उठलेच नाहीत. दुष्काळानं आपलं घेतलंच. पण चुलीपाशी जेवून कोणी मेलं नाही. पाऊस पडेपर्यंत चूल विझली नाही, आणि पाऊस पडला तेव्हा तिन्ही पेवांच्या तळाला हात लागत होता.

शेट त्यानंतर बरीच वर्षं जगले. बाजार पुन्हा भरला, पोती पुन्हा आली, पण पोत्याला ओल आहे का ते सांगणारा कोणी नव्हता, आणि शेटांनी दुसरा हमाल ठेवला नाही. गोड त्यांनी तोंडात घातलं नाही. ओट्यावर येईल त्याला जेवण मिळे. शेट पान मांडत, वाढत, आणि हात मागं बांधून उभे राहत.

शेवटच्या दुखण्यात त्यांना पेजच जात होती. अनसूयाबाई त्याच करवंटीनं पाजायची. एका सकाळी दोन घोट घेतल्यावर त्यांनी आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको." अनसूयाबाईच्या हातात भरलेली करवंटी होती. तिला ठाऊक होतं, एवढं पोटात गेलं तर कदाचित दुपार निघेल. 'माझ्यासाठी एक' हे शब्द तिच्या ओठांवर आले, असं ती सांगायची. तिनं करवंटी खाली ठेवली.

आजही वैशाखी पौर्णिमेला नरसोबापुढं पंगत बसते. श्रीमंत असो की भिकारी, पहिली वाढणी पातळ पेजेची आणि करवंटीच्या पळीनं. धनगरवाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी घेऊन पिंपळाखाली बसते, आणि ती "वाढवा" म्हणेपर्यंत पुरीची परात हलत नाही. वाढपी बोलत नाहीत. यजमान हात मागं बांधून उभा असतो. कोणी 'नको' म्हटलं तर ते तिथंच संपतं.

पंगत उठली की यजमान एका पत्रावळीवर तीन लाडू घेऊन एकटा तळ्यावर जातो. सदतीस दगडांपैकी शेवटच्या, हातभर बाजूला असलेल्या दगडापुढं उकिडवा बसतो आणि पान पुढं धरतो. ठेवत नाही, नुसतं धरतो. माणसाला 'नको' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबतो. आणि ते तीन लाडू तसेच परत आणतो.